काळं पडलेलं तिकीट

कोरेगाव स्टँडच्या बाकावर माझ्या शेजारी साठीतले दोघे लोणंदच्या गाडीची वाट बघत होते. एकाच्या मांडीवर एसटीच्या जुन्या तिकिटांची वही होती.

"धुळा, ही बघ. तीस वर्सांपूर्वीची. कंडक्टरनं मारलेला पंच बी दिसतोय."

"जालिंदर, लय येळा दावलीस रं. गाडी बघ."

"आताची मशीनची तिकिटं कामाची न्हाईत. अक्षरं उडत्यात."

"मग हे काळं कशाला चिकटवलंस?"

"मशीनचंच हाय. हिला साताऱ्याला दवाखान्यात न्हेलं, त्या दिशीचं."

"चंद्रावैनींचं?"

"व्हय. माझं फुल अन् तिचं बायकांचं हाफ, एकाच कागदावर. परत येताना ॲम्ब्युलन्सच हुती."

"ठाव हाय गड्या. पण काळं कशानं झालं?"

"अक्षरं उडू नयेत म्हणून लॅमिनेशन कराय दिलं. त्या गरम मशीनीत समदा कागदच काळा झाला."

"कागदच त्यो. साताऱ्याला जाऊन ये एकदा, दुसरं मिळंल."

"मिळंल की. पण मला एकट्याला बघून कंडक्टर त्यावर बायकांचं हाफ काढंल व्हय?"



"आली बघ गाडी. ऊठ."