परमिट व्हेराच्या नावावर

२०२३ चा डिसेंबर होता. भाईंदरला उत्तनच्या बसच्या रांगेत उर्मिलाताईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं, कॅजिटन आणि व्हेरा.

“गुडगे न्हाय चालत माजे. समोरच्या दुकानातून केकला रम तूच आन,” व्हेरा म्हणाली.

“दारूचं परमिट तुज्या नावावर हाय.”

“कोन इचारतो रे आता परमिट?”

“कोन न्हाय इचारत. पन जुना कायदा अजून हाय. बिनपरमिटवाल्यानं बाटली हातात धरायची न्हाय.”

“इतकी वर्सं ढोसलीस, तवा कुठं गेल्ता कायदा?”

“तवा म्हाईत नव्हता.”

“बरं, तुज्या नावावर पन काढू.”

“नको गो व्हेरा. सोडल्यापासून बाटलीला शिवलो न्हाय, तो त्याच कायद्याच्या जोरावर.”

“...चल, मीच जाते. हात दे.”

“हात देतो. पिशवी तू धर.”

“धरते रे, माज्या वकिला.”

“जा सावकाश,” उर्मिलाताई म्हणाल्या, “तुमची जागा मी धरते.”

तेव्हापासून बेव्हर्ली पार्कला उर्मिलाताईंकडे दर नाताळला उत्तनहून केक येतो. कॅजिटन गेल्या पावसाळ्यात गेला. परमिट त्यानं शेवटपर्यंत काढलं नाही. व्हेरा आता मुलाचा हात धरून दुकानात जाते. पिशवी मात्र त्याच्याकडे देत नाही.