रुडॉल्फच्या फियाटला एसी

—नाही गो बाय, कंपनीचा कसला! बासष्ट सालच्या फियाटला कंपनी एसी देणार होय? मागाहून बसवून घेतलेला आहे. तुझी डोक्यावरची व्हेल उडते का? थांब, मी एसीची जाळी वळवते जराशी — हं. आता ठीक? मेकअपवालीनं सांगितलंय ना काच खाली करू नका म्हणून, मग झालं तर. आणि सारखं मोबाइलमध्ये वेळ बघू नकोस. मानकोलीला हे असं रोजचंच, ट्रक हलले की आपण हललो. नवरीशिवाय कुणी लग्न लावत नाही. तुझी मम्मी पोचली असेल चर्चला, मामा पण तिथंच आहे, तुझ्या पप्पाच्या जागी तोच तुला हाताला धरून आत नेणार — मला सगळं सांगितलंय तुझ्या मम्मीनं, फिलोमेनानं. आम्ही दोघी लग्नाआधी शिवणाच्या क्लासला एकत्र होतो, तुला माहीत आहे? तिचा फोन आला, जुलिया, आमच्या जेनिफरला तुझी गाडी पाहिजे, मी म्हटलं, किती वाजता येऊ तेवढं सांग. डोंबिवली काय लांब आहे? मी तर महिन्यातनं एकदा तुमच्या मानपाड्याला येतेच, विश्राम मेकॅनिककडं, गाडी दाखवायला. त्यानंच बसवला ना हा एसी.

मी सारखी या सुईकडं बघते म्हणून घाबरू नको हां. इंजिन तापत नाही ना, एवढंच बघते. एवढंसं इंजिन, त्याच्यावर एसीचं ओझं — चढ आला की मी बंद करते दोन मिनिटं, पुलावर वगैरे, मग उतारावर परत चालू. तुला कळणार पण नाही. रुडॉल्फला हे असलं काही चालायचं नाही. रुडॉल्फ म्हणजे माझा नवरा. गाडीच्या बाबतीत देवमाणूस आणि दगड, दोन्ही. कारखान्यातनं सुटला की आधी गाडी पुसायचा, मग चहा. वायपरचं रबर गेलं तर तसलंच जुनं रबर मिळेपर्यंत पावसात गाडी काढायचा नाही. मी म्हणायची, अरे, ही गाडी आहे की वेदीवरची मूर्ती? हसायचा. आणि आमची सेरेना — आमची मुलगी, एकुलती एक — तिचं लग्न ठरलं, करोनाच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात. कल्याणचा मुलगा, शेन. चांगला होता गो, मी आजही सांगते, त्याच्यात वाईट काही नव्हतं. तर सेरेना एक दिवस जेवताना बोलली, सहज, मस्करीत — डॅडी, मे महिन्यात तुझ्या फियाटमधनं गेले तर चर्चला पोचेपर्यंत मेणबत्तीसारखी वितळेन. मी पण हसले. रुडॉल्फ जेवला, उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली नि गेला, तो संध्याकाळी एसटीनं परत आला. खोपटला उतरून चालत घरी. मी विचारलं, गाडी कुठं? म्हणाला, सोडली विश्रामकडं. एसी बसवायला.

मी तर बघतच राहिले. ज्या माणसानं गाडीचा आरसा कधी बदलला नाही, तो एसी बसवणार! आणि नुसता एसी बसवून होत नाही. या गाडीला डायनॅमो असतो, म्हणजे होता, तो बिचारा दिवे लावील, हॉर्न वाजवील — सिग्नलला उभं राहिलं की दिवे पण मिणमिणायचे — त्याच्यानं एसीचा पंखा कुठला फिरायला? म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर. मग तो बसायला नवी पट्टी कापायची, पट्टा दुसरा, रेडिएटरच्या पुढं आणखी एक जाळी, तिला पंखा. एक काढलं की दुसरं अडायचं. रुडॉल्फ रोज एसटीनं जायचा, मी डबा द्यायची. विश्राम म्हणायचा, अंकल, तुम्ही घरी बसा, झालं की फोन करतो. पण हा आपला तिथं स्टुलावर बसलेला — मला वाटतं, गाडीचं ऑपरेशन चाललंय नि आपण बाहेर थांबायला पाहिजे, तसं असणार त्याचं. तो डायनॅमो पेपरात गुंडाळून घरी घेऊन आला, रात्री जेवला नाही. मी म्हटलं, एवढं वाईट वाटतंय तर कशाला केलंस? तर म्हणाला, पोरगी एकदाच जाणार गो. एवढंच.

अरे हल की बाबा पुढं — बघितलंस, कसा आडवा घातला टेम्पो? — तू पाणी पी. स्ट्रॉ आहे बघ तिथं, लिपस्टिक जायची नाही. काय म्हणतेस? सेरेना? आली की, त्याच गाडीतनं आली. तू बसलीस ना, तिथंच बसलेली. सांगते. आदल्या दिवशी आमच्या रितीनं नवरीच्या आंघोळीला उंबराचं पाणी आणलं, बँड लावला, अख्खं माजिवडं नाचलं. लग्नाच्या दिवशी मी आधीच गेलेली चर्चला, पाहुण्यांचं बघायला, आणि पायरीवर उभी राहिले, म्हणजे गाडी येताना दिसायला पाहिजे ना. माझी नणंद बाजूला. गाडी आली — पांढरी रिबीन, पुढं फुलं, आणि काचा चारी वर. नणंद म्हणते, अगो, या उन्हात काच वर? मी म्हटलं, एसी आहे! अशी बोलले, की मागच्या रांगेला पण ऐकायला जावं. गाडी गेटपाशी थांबली. नि कुणी उतरेना. मला वाटलं, घेर सावरत असेल. मग वाटलं, फोटोवाल्यासाठी थांबलेत. फोटोवाला इकडं, गाडीच्या दारावर कॅमेरा लावून. इंजिन चालू, गाडीखाली पाणी ठिबकतंय, आणि रुडॉल्फ वळून मागे बघतोय. मी पायऱ्या उतरून गेले. आतनं दिसत होतं, सेरेना बोलत होती. भराभरा बोलत होती. रडत नव्हती गो — लोक नंतर म्हणाले रडत होती, नव्हती रडत, मी बघितलं ना. नुसती बोलत होती, आणि रुडॉल्फ मान हलवत होता, असा, हळू. मला एक अक्षर ऐकू येईना. एसीच्या आधीची गाडी असती ना, तर काचा खाली असत्या, मला सगळं ऐकायला गेलं असतं. मी काचेवर हात ठेवला, काच अशी गार — बाहेर माझ्या मानेवरनं घाम वाहतोय नि काच थंडगार. टकटक केलं. दोघांनी बघितलं माझ्याकडं. बापानं पण, लेकीनं पण. आणि मग रुडॉल्फनं गाडी रिव्हर्सला टाकली. माझा हात काचेवरच, तो सरकत सरकत गेला. गाडी वळली नि गेली.

हो. गेली. मला तिथंच ठेवून.

मग काय करणार? शेनच्या आईकडं गेले नि सांगितलं, गाडी बिघडली. चर्चच्या दारात खोटं बोलले. ती म्हणाली, पण आता तर गेली धावत. मी म्हटलं, हो, एसीचं काहीतरी आहे, विश्रामकडं नेली. लोक थांबले, पंख्याखाली बसून राहिले, फादर दोनदा बाहेर येऊन गेले, ऑर्गनवाला वाजवायचा थांबला. मग एक एक जण माझ्या तोंडाकडं बघायचं टाळून घरी जायला लागला. शेन माझ्याजवळ आला, खुर्ची दिली मला बसायला. त्या पोरानं मला खुर्ची दिली गो. अंधार पडल्यावर दोघं आली घरी. मुरबाडच्याही पुढं गेलेली म्हणे, घाटापर्यंत. वाटेत वडापाव खाल्ला. तिच्या गाऊनवर लाल चटणीचा डाग होता, आणि चेहरा असा शांत, की मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी विचारलं, काय झालं? रुडॉल्फ म्हणाला, तिला विचार. तिला विचारलं तर म्हणाली, डॅडीला सांगितलंय सगळं, मम्मी, आता परत नको. परत? मला तर पहिल्यांदाच सांगायचं होतं ना!

पुढच्या वर्षी, लॉकडाऊन लागायच्या आधीच, ती न्यूझीलंडला गेली. नर्स आहे, सुखात आहे. फोन करते. जेवलीस का, गोळी घेतली का, तिकडं पाऊस आहे का. एकदा मी धीर करून विचारलं, व्हिडिओवर, तर तिचं नेटवर्क गेलं. कदाचित खरंच गेलं असेल, आपण कशाला संशय घ्या? आणि रुडॉल्फ — त्याच्या मागं तर मी रोज लागलेली. गोड बोलून, भांडून, अबोला धरून. हूं नाही की चूं नाही. म्हणायचा, तिनं मला विश्वासानं सांगितलं, मी कसं सांगू? मग मी काय परकी होते? बायको मी, आई मी. आणि असं पण नाही हां, की वाईट वागायचा, माझ्यासाठी सकाळी चहा तोच करायचा. पण मी चहा पिताना त्याच्या तोंडाकडं बघायची नि मला वाटायचं, यात ते आहे, आणि मला द्यायचं नाही. शेवटी हार्टचं झालं, हॉस्पिटलात मी त्याचा हात धरून बसलेली, मी म्हटलं, रुडॉल्फ, आता तरी. त्यानं डोळे उघडले, म्हणाला, गाडी अधनंमधनं चालू करत जा, नाहीतर बॅटरी उतरेल. झालं. संपलं. त्यानंतर बोलला नाही.

म्हणून शिकले मी चालवायला. या वयात! विश्राम रविवारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवायचा, मी गिअरला घाबरायची, स्टिअरिंगलाच असतो ना याचा गिअर. आता कुणाची पोरगी लग्नाची असेल, मला सांगा, मी येते. लोकांना वाटतं जुलियाला हौस आहे. हौस नाही गो. घर खायला उठतं. इथं निदान मागे कुणीतरी बसलेलं असतं. मी आरशात बघते पोरींकडं — कुणी गाणं म्हणते, कुणी नवऱ्याला मेसेज करते, एक तर झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी प्रत्येकीकडं बघते, की त्या दिवशी आमची अशी काय बसलेली असेल, काय आलं असेल तिच्या मनात — बघ, काय सांगत बसले मी तुला! लग्नाच्या दिवशी! फिलोमेनाला सांगू नकोस हां, ती मला जिवंत सोडणार नाही. तू लक्ष देऊ नको माझ्याकडं. म्हातारी बाई, दिवसभर बोलायला कुणी नाही, कान सापडला की सुटते. हा बघ माजिवड्याचा पूल. आता एसी बंद करते दोन मिनिटं — झालं, लगेच चालू केला. तू फार गप्प आहेस गो. निघालो तेव्हापासनं एसीचं नि सेरेनाचं तेवढं विचारलंस.

आलं बघ चर्च. ती बघ तुझी मम्मी पायरीवर, केवढी नटली आहे! मामा पण आहे. उतर हां सांभाळून, डोक्याला लागेल, ही गाडी बुटकी आहे. घेर आधी बाहेर काढ, मग पाय. — काय गो? अडकला का कुठं? — जेनिफर? इकडं बघ माझ्याकडं. — बाय, असं काय करतेस?

नको. थांब. मला नको सांगू. एक शब्द नको. अगो, मी किती वर्षं हेच ऐकायला — तुला कळलं ना आता मी पोरींना गाडीत का घेते — पण नको, हे मी ऐकायचं नाही. ती बघ तुझी मम्मी, पायऱ्या उतरून यायला लागली. तिला अजून काही माहीत नाही, बघ कशी हसत येतेय. तू लग्न कर, नको करू, आत जा, नको जाऊ, म्हणशील तिकडं मी गाडी वळवीन, घाटात म्हणालीस तर घाटात. पण तिच्याशिवाय नाही. आधी तिला सांग. ती रागावेल, रडेल, बोलेल काय वाटेल ते — बोलू दे. — मी उतरते. चावी तशीच ठेवते, बंद केली तर आत भट्टी होईल.

फिलोमेना! ये गो, इकडं ये. काही नाही झालं, गाडी ठीक आहे. तू बस आत, मागे, तिच्या बाजूला. अगो, बस म्हणते ना. लोकांचं मी बघते, फादरना पण मीच सांगते. — पदर घे आत. — आणि दार लावून घे, गार हवा बाहेर जाते.