जमिनीपासून वीस फूट

दुकानदार : …म्हणून सांगतो ताई, घ्यायचं तर हे सगळ्यात वरचं ग्राफिक्स कार्ड घ्या. विमानात बसल्यासारखं सोडा, विमानच घरात आल्यासारखं वाटेल!

आत्या : विमान घरात आणून काय करू? फ्लाइंग क्लबात मेकॅनिक आहे मी. दिवसभर त्यांच्याच पोटाखाली आडवी असते. मधल्या किमतीतलं दाखवा.

दुकानदार : दाखवतो की. गेम कोणाला खेळायचाय?

भाची : गेम नाहीये तो. सराव आहे. होता.

आत्या : ही माझी भाची. पायलटचं लायसन्स करतेय. क्लबात विमान मिळतं आठवड्यातून एकदा. उरलेले दिवस घरी कॉम्प्युटरवर विमान उतरवते.

भाची : पाडते म्हण.

आत्या : परीक्षेत एकदा नापास झाली, तेव्हापासून असं कडू बोलते. शनिवारी पुन्हा परीक्षा आहे.

भाची : शनिवारी काही नाहीये. तू सकाळी क्लबात फोन करून माझं नाव काढायला सांगणार होतीस ना?

आत्या : लाइन लागली नाही.

दुकानदार : बरं, ते तुमचं तुम्ही बघा. आत्ता घरी कार्ड कोणतं आहे?

भाची : चार जीबीचं, माझ्या भावाच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं. वर असते तोवर मस्त चालतं. खाली यायला लागलं की घरं, झाडं, धावपट्टी सगळं एकदम अंगावर येतं आणि चित्र अडखळतं.

दुकानदार : अडखळणारच! वर काय असतं, नुसतं निळं. खाली अख्खं गाव. चार जीबीत कुठून मावणार? हे बघा, हे आठ जीबीचं, नवंकोरं मॉडेल, पळायला एक नंबर. आणि हे बाराचं. मागच्या वर्षीचं आहे, जरा सावकाश, पण पोट मोठं. किमतीत एकोणीस-वीसचाच फरक.

आत्या : पळायचं नाहीये. सामान मावायला हवं.

दुकानदार : शंभर टक्के! विमानवाल्यांना मी बाराचंच देतो. विकायचंय म्हणून नाही सांगत हं.

आत्या : विकायचंय म्हणूनच सांगताय, पण बरोबर सांगताय. लांबी किती? मी कॅबिनेट मोजून आलेय. दोनदा. आतून. हे बघा, हातावर लिहिलंय. पॉवर सप्लाय किती वॅटचा तेही.

दुकानदार : अरे वा! बसेल आरामात. कॉम्प्युटरमधलं कळतं तुम्हाला?

आत्या : काही कळत नाही. पण जागेत न बसणारा पार्ट मी एकदा आणला होता, बावीस वर्षांपूर्वी. क्लबात अजून हसतात.

भाची : आत्या, खरंच नको गं. कार्डाने काय होणार? शिकवणाऱ्या सरांनी स्वच्छ लिहिलंय, जमीन जवळ आली की घाबरते. वीस फुटांवर मी नाक उचलायची दांडी लवकर ओढते, विमान पुन्हा वर जातं आणि मग धपकन आपटतं. घरी मात्र दहापैकी नऊ वेळा अलगद उतरवते. म्हणजे हाताला येतंय सगळं. मीच भित्री आहे.

आत्या : घरी नऊ वेळा?

भाची : हो.

आत्या : आणि खऱ्या विमानात दर वेळी लवकरच ओढतेस? उशिरा कधीच नाही?

भाची : कधीच नाही.

आत्या : हं. दादा, हे बाराचं इथे लावून दाखवता का? हिची घरची जॉयस्टिक, ती दांडी, पिशवीत आहे.

दुकानदार : तुम्ही दांडी घेऊन आलात?

आत्या : फिटिंग बघितल्याशिवाय मी काही घेत नाही.

(दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसतं. भाची काउंटरवर दांडी घट्ट करते, तोच विमानाचा गेम लावते आणि विमान धावपट्टीच्या रांगेत आणते.)

भाची : किती स्वच्छ दिसतंय! कुंपणाची तारसुद्धा… पन्नास फूट. तीस. वीस… अरे!

दुकानदार : हे वर कुठे निघालं?

भाची : आणि आपटलं. बघितलंस? आता इथेही तेच. माझं काही खरं नाही.

आत्या : इथे कसली भीती वाटली तुला? खुर्चीत तर बसलीयस.

भाची : भीती नाही वाटली… म्हणजे?

आत्या : पुन्हा उतरव.

भाची : तीस. वीस… परत गेलं वर. अगदी क्लबातल्यासारखं!

आत्या : घरी चित्र नक्की कुठे अडखळतं?

भाची : सांगितलं ना, खाली. शेवटच्या वीस-तीस… थांब. थांब थांब.

आत्या : बोल.

भाची : चित्र मागे राहतं आणि विमान पुढे गेलेलं असतं. दिसल्यावर ओढलं तर उशीर होतो. म्हणून मी… दिसायच्या आधीच ओढते.

आत्या : सहा महिने, रोज. हाताला तीच सवय लागली. खऱ्या विमानाला काय माहीत, हिच्या घरी चित्र अडकतं म्हणून!

दुकानदार : बाप रे! म्हणजे कार्डाने नापास केलं पोरीला?

आत्या : कार्डाने नाही, मी. तिच्या दांडीची स्प्रिंग बदलली, पेडलना तेल दिलं, खुर्चीची उंची मापून दिली. स्क्रीनकडे एकदाही बघितलं नाही. ही विमान उतरवायला लागली की मी हिच्याकडेच बघत बसायचे.

भाची : आत्या…

आत्या : रडू नकोस, काउंटर त्यांचा आहे.

भाची : मी भित्री नाहीये?

आत्या : भित्रं माणूस कधी लवकर ओढेल, कधी उशिरा ओढेल, कधी ओढायलाच विसरेल. तू दर वेळी तेवढंच आधी ओढतेस. अशी चूक काढता येते.

दुकानदार : बसा हो, अजून पाच-दहा वेळा उतरवा. आत्ता कोण गिऱ्हाईक येतंय! मी चहा सांगतो.

भाची : तीस… वीस… हात शिवशिवतोय… अजून नाही… अजून नाही… आता.

दुकानदार : टेकलं? आवाजच नाही आला!

आत्या : टेकलं.

भाची : एकदाच जमलंय. आणि मध्ये चारच दिवस आहेत. जाईल सवय?

आत्या : सगळी नाही जाणार. घरी रोज बस. सरांना मी सांगते, परवा विमान तासभर मिळतंय का बघू. दादा, बाराचं बांधा.

दुकानदार : बांधतो! ताई, शनिवारी काय होतंय ते कळवा हं. नुसतं पास-नापास सांगितलं तरी चालेल.

भाची : कळवते मी. आणि आत्या, क्लबात तो फोन पुन्हा लावू नकोस.

आत्या : कोणता?

भाची : सकाळी लाइन लागली नाही तो.

आत्या : लावला कुठे होता? धर, खोका सरळ धर.