दोऱ्याचं कोणी सांगितलं नाही

अन्याय झाला तो वच्छलाबाईवर, मोताळा तालुक्यातल्या एका शेतकरी घरच्या सुनेवर. झाला तो रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळत होती त्या दुष्काळी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ऐन दुपारी, गावच्या शाळेत. तिच्या अंगात एक वस्तू बसवली आणि ती कोणती हे तिला सांगितलं नाही. बसवणारे दिवस मावळायच्या आत गाडीत बसून निघून गेले. पुढचं तिच्याच तोंडून ऐका. मी फक्त लिहून घेतलं आहे.

माहं माहेर रोहिणखेडचं. ती जुनी मशीद आहे ना, तिच्यापासून हाकेवर आमचं वावर. बाप कापूस येचाले बाया लावायचा अन् मी त्यायच्या मांगं ओटी बांधून फिरायची. न्हाण आलं तवापासूनच माह्या अंगावरून लय जाय. माय म्हणायची, या पोरीच्या अंगात नदी आहे. सासरी आली तर घर कडक. बाई शिवायची नाही झाली का कोठ्यात बसाचं, ढोरायच्या बाजूनं, घोंगडीवर. कोणाले शिवाचं नाही, भाकर वरतून टाकाची, पाणी वरतून ओताचं. रगत थांबलं का न्हाऊन घरात, थांबल्याबिगर घरात पाय नाही, असा त्या घरचा कायदा. मले त्याचं काही वाटे नाही, ताई. खरं सांगू, आरामच भेटे. गाईची मान खाजवावं अन् पडावं.

लेकरं तीन झाली, एकावर एक. तिसरी गंगू, एवढीशी, तिच्या बाळंतपणात मी पांढरी फटक झाली. मले वाटे आता जरा दम पाहिजे, गंगू धड चालाले लागंपर्यंत तरी. कायमचं बंद नव्हतं कराचं. मालकायले अजून एक पोरगा पाहिजे होता, अन् मलेही. दम पाहिजे होता, बस.

तर करीच्या दिवशी सरकारी दवाखान्याची गाडी आली. कोतवालानं दवंडी देली, बायायनं शाळेत या. मी आपल्या पायानं गेली, कोणी ओढत नाही नेलं, हे लिहा. चादर टांगली होती, आंदर एक बाई. तिनं मले काही म्हणजे काही इचारलं नाही, ना अंगावरून किती जाते, ना लेकरू केवढं आहे, ना तुले काय पाहिजे. झोप म्हणे. कळ आली एक, जशी बेंबीतून सुई ओढली. मी म्हटलं, काय केलं बाई? तर म्हणे औषध लावलं, आता बेफिकीर राह्य, अन् दुसरीले हाक मारली. मले वाटलं मलम असंल. मी त्याले मलमच म्हणत होती.

मंग पुढची पाळी आली, मी कोठ्यात गेली, अन् बाहेर आलीच नाही. थांबेच ना. आज थांबंल, उद्या थांबंल. दिवाळी झाली, पणत्या मले दुरून दिसल्या. ज्वारी कापून झाली, मी कोठ्यात. काय सांगू तुम्हाले, पहिले माणसं दाराशी येऊन बोलत. मंग दुरून बोलत. मंग ताट ठेवून कडी वाजवत अन् निंगून जात. मंग कडीही वाजवेनात. मी हाक मारली तर माही जाऊ, लीला, चूल फुंकत मान वर करेना, जसं वाऱ्यानं काही हललं. आंगणात पोट्टे खेळत, वच्छी आली वच्छी आली म्हणून पळत, हडळीले भिऊन पळावं तसे. मी आपले हात पाहू. पिवळे हात, पांढरी नखं. एका दुपारी गाय माह्याकडे पाहत उठली अन् दाव्याले ताण देऊन कोपऱ्यात जाऊन उभी राह्यली. ढोरं तर शिवाशिव पाळत नाहीत ना, ताई? तवा मले पहिल्यांदा भेव वाटला. कोणाचा नाही, माहा सोताचा. मी जित्ती आहे का, हे इचाराचं तरी कोणाले?

माहं दूध आटलं. गंगू लीलाच्या कडेवर वाढून राह्यली होती. दारावरून जाय, मले पाहे, भिंतीकडे पाहावं तशी.

अन् मंग तो दोरा. मांगच्या इहिरीवर मले एकटीले जाऊ देत, ऐन उन्हात, कोणी नसलं तवाच. एक दिवस अंग धुता धुता बोटाले लागला. बारीक, घट्ट, माह्याच आतून आलेला. शिवणाचा नाही, केसाचा नाही. भिजे ना, तुटे ना. अन् पोहरा काढाले इहिरीत वाकली तर पोटात अशी कळ, जसा कोणी खालून, पाण्यातून, तो दोरा खेचला. पाणी तर जागचं हललं नाही. शांत होतं, आरशावानी.

सासूले सांगतलं. बुढी दोन पावलं मांगं सरली. म्हणे आसरा लागल्या तुले, पाण्यातल्या साती बहिणी, रगताची बाई इहिरीवर गेली का बांधून घेतात. भगत आणला. तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला, दोरा इहिरीच्या बुडाले बांधला आहे, ओढला का बाई मेली, अन् बाईले घरात घेतलं का दोऱ्यामांगं त्याही घरात येतील. झालं! माहा घरात याचा रस्ताच बंद. मालक कुडाबाहेर उभे राह्यले, म्हणे वच्छला, तुले माहेरी ठेवून देतो. अन् गंगू? म्हटलं. गंगू इथंच राहीन, म्हणे, तिले काऊन पाण्यात ओढते?

संक्रांतीनंतर जाचं ठरलं. तर संक्रांतीलेच नणंद आली, सुमन, चिखलीले देलेली, नवऱ्याचं किराणा दुकान आहे. सरळ कोठ्यात घुसली. बुढी ओरडली, अवं शिवशील! तर म्हणे माय, शिवली तर आंघोळ करीन, गंगेले जा लागते का? जवळ बसली अन् माह्या पायावर हात ठेवला. तिचा हात इतका गरम लागला का मी दचकली. मी तिच्या कानात दोऱ्याचं सांगतलं, तर हसाले लागली. म्हणे वहिनी, तो लूपचा दोरा होय वो, लेकरू राहू नाही म्हणून आंदर बसवतात तो! मलेही आहे. चिखलीच्या डॉक्टरणीनं आधी लूप माह्या हातावर ठेवून दाखवला, म्हणे दोरा असते, तो हाताले लागला म्हणजे लूप जागेवर आहे, अंगावरून लय गेलं तर ये, काढून टाकू. मले सोसला, तुले नाही सोसला, एवढंच.

एवढंच, म्हणे.

तिनंच मले येस्टीनं बुलढाण्याले नेलं. बुढी रडून राह्यली होती का दोरा ताणंल अन् सून रस्त्यातच मरंल. अन् खोटं काऊन बोलू, घाट लागला तशी मीही शीट गच्च धरून बसली, का आता इहीर खेचंल, आता खेचंल. तिथल्या डॉक्टरणीनं चिमट्यानं काढला. ताटलीत टाकला. पांढरा, वळसे घेतलेला, थंडीत पडलेल्या सापाच्या पिलावानी. ते माह्या अंगात पोळ्यापासून होतं.

मंग तिनं खुर्ची जवळ ओढली अन् इचारलं, तुले काय पाहिजे? म्हटलं, दम पाहिजे. तर तिनं समदं सांगतलं, नवऱ्यानं वापराचं रबर, बाईनं आंदर ठेवाची फेसाची गोळी, अन् कायमचं पाहिजे असंल तर ऑपरेशन, ते नवऱ्याचंही होते अन् नवऱ्याचंच सोपं. कोणतं कवा फसते, तेही. म्हणे ज्या बाईच्या अंगावरून आधीच लय जाते तिले लूप बसवाच्या आधी दहादा इचार करा लागते. मी रबर घेतलं. मालकायचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही! म्हणे हे काय, जत्रेतले फुगे? म्हटलं फुगेच समजा, नाही तर कोठ्यात झोपा, जागा रिकामी झाली आहे. झोपले बिचारे, रुसून! मंग समजले.

रगत थांबलं. दोराच राह्यला नाही तर आसरा कशाच्या मांगं येतील? न्हाऊन घरात आली. पण समदं परत नाही येत, ताई. गंगू आता शाळेत जाते. लीलाले माय म्हणते. मले मोठी माय म्हणते, अन् मी जवळून गेली का अंग चोरते, तिचं तिलेही समजत नाही. बुढी अजून कवा कवा माह्या मांगं पाह्यते, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाले कोण आहे म्हणून. पाहू दे. मी कोणाले शिव्या नाही देत. ज्या बाईनं बसवला तिचंही भलं होवो, तिलेही घाई असंल.

वच्छलाबाईंनी माफ केलं. मी करत नाही, आणि तुम्हीही करू नका. तुमच्या घरात कोणी अशी दाराबाहेर बसवली असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आधी तिला आत घ्या. मग तिला विचारा: अंगात काय बसवलं? आधी हातात देऊन दाखवलं का? त्रास झाला तर कुठे यायचं, ते सांगितलं का? दुसरे उपाय सांगितले का? तुला काय हवं, हे विचारलं का? एकाही प्रश्नाला तिने नाही म्हटलं, तर उद्या सकाळी तिच्यासोबत दवाखान्यात जा, आणि तिला उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.