न मारलेलं टेंगूळ

—नाही हो ताई, मी नाही मारलं! तुम्हीही तेच विचारणार होतात ना? सगळे तेच विचारतात. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान—आता नवा चष्मा डोळ्याला लावला की गिऱ्हाइकाला समोर पहिलं काय दिसणार? ह्यांचं कपाळ! आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. नणंदबाई दुकानात आल्या, बघितलं, नि थेट मला फोन—“वहिनी, लाटण्यानं मारलंस का?” मला हसू आलं. हसले, तिथंच फसले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत बोभाटा झाला. आणि हे? हे काय म्हणाले असतील? काही नाही! सर्दीनं चोंदलेलं नाक ओढत गप्प बसले, कारण जो तो कीव येऊन चहाला बोलवायला लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर समेट करायला आले. ह्यांचा हात माझ्या हातात दिला—आणि मी माफी मागितली! कशाबद्दल? न मारल्याबद्दल! दुसऱ्या दिवशी टेंगूळ दुप्पट. हेडमास्तर जिन्यात म्हणतात, “पुन्हा?”

खरं सांगू? इमारतीत जरा वचक बसला होता माझा. पाण्याच्या नळावर बायका बाजूला व्हायच्या. बरं वाटायचं हो—म्हणून मीही फार नाकारलं नाही.

मग ह्यांना ताप भरला, डोकं ठणकायला लागलं. ह्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी टेंगळावर बोट दाबलं—तर खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो ना, तसा. म्हणाले, सायनसमधले जंतू कपाळाच्या हाडात शिरलेत, हाड कुजतंय, आत पू झालाय. फार क्वचित होतं म्हणे. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, “म्हणजे मी मारलेलं नाही, एवढं नणंदेला फोनवर सांगाल का?” डॉक्टर म्हणाले, “बाई, त्या हाडाच्या मागं लगेच मेंदू आहे.”

ह्यांना ऑपरेशनला त्या दाराआड नेलं, तेव्हापासून बोलतेच आहे मी. पाणीवाल्याशी बोलले, लिफ्टवाल्याशी बोलले. गप्प बसलं की ते हाड दिसतं—

थांबा. दार उघडलं.

डॉक्टर... काय? पू सगळा निघाला? आणि मेंदू? ...नक्की? इंजेक्शनं कितीही दिवस द्या हो, द्या.

ऐकलंत ना? बरे आहेत. नाही, पाणी नको. जा आता, ताई. रागावू नका—जा. मला जरा गप्प बसायचंय.