पाठ दुखते ती ताईची

…नाही नाही, बसा ना, बसा, पण माझ्या पाठीचं विचारू नका! सकाळपासून जो येतो तो दारातनंच, ‘काय रे, कशी आहे पाठ?’ अहो, ह्या घरात दुखणारी पाठ माझी नाहीच! म्हणजे दुखते, खोटं कशाला बोलू, साधं शिंकलो तरी डोळ्यांपुढे चांदण्या नाचतात, पण ही आपली नवी पाठ आहे, रविवारची. जुनी, मुरलेली, शाळेपासून दुखणारी पाठ तिकडे स्वयंपाकघरात उभी राहून तुमच्यासाठी चहा टाकतेय. माझी ताई! तिला विचारलंत? काकू, तुम्ही आत येताना ती संत्र्यांची पिशवी तिच्याच हातात दिलीत ना? डाव्या हातात घेतली तिने, बघितलंत? का? तर उजव्या हाताची बोटं बधिर असतात, सकाळी चमचा धरला तर धरलाय की सुटलाय हे तिला खाली बघून ठरवावं लागतं… आणि ती संत्री कुणासाठी? माझ्यासाठी!

उद्या सकाळी तिला हॉस्पिटलात दाखल व्हायचंय. परवा ऑपरेशन. आणि बाई म्हणतेय, जात नाही. कशामुळे? ह्या माझ्या पाठीमुळे! तुम्हाला सांगतो, म्हणूनच मी प्रत्येकाला बसवून सांगतोय, तुम्ही तरी तिला म्हणा, जा म्हणून. माझं ऐकत नाही ती. आडव्या माणसाचं कोण ऐकतं?

कसलं ऑपरेशन? हां… इथेच तर सगळी गोची आहे. काका, तुम्ही घड्याळाकडे बघू नका, मी बोलणार आहे. आमच्या घरात त्या गोष्टीला नावच नाही. आईच्या वेळेपासून नाही. आई पण तशीच होती ना. आत्या म्हणायची, ‘अंगानं भरलेली आहे.’ बाबा तर तेवढंही म्हणायचे नाहीत, हाताने हवेत काहीतरी दाखवायचे आणि तो हात मधेच खिशात घालायचे. मग डॉक्टरला काय सांगणार? आईची मान दुखते म्हणून मानेच्या डॉक्टरकडे. त्याने गळ्यात पट्टा दिला. पट्ट्याने मान वर राहिली, खाली ओढणारं ओझं होतं तिथेच! मग पाठीच्या डॉक्टरकडे. मग बोटांना मुंग्या, त्याचा वेगळा डॉक्टर. मग खालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटायची, उन्हाळ्यात तर अगदी लालभडक, चिघळलेलं, त्याचा कातडीवाला डॉक्टर, त्याने पावडर दिली. खांद्यावर पट्ट्यांनी खाचा पडलेल्या, बोट मावेल एवढ्या, त्या कुणालाच दाखवल्या नाहीत, कारण खांदा दाखवायचा तर पट्टा दिसणार! म्हणजे बघा, सगळ्या आईचा इलाज चालला होता, एवढी एक जागा सोडून. तिच्या चहूबाजूंनी डॉक्टर फिरले हो, प्रदक्षिणा घातल्यासारखे, आत कुणी शिरलं नाही.

आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच. ‘बाई, जरा वजन कमी करा, आणि ताठ राहा.’

ताठ राहा! वजन केलं की तिने कमी. अर्धपोटी राहून राहून गालाची हाडं वर आली, मनगटं काडीसारखी झाली, बांगडी कोपरापर्यंत जायची. सगळीकडनं बाई वितळली, आणि जिथनं वितळायला हवी होती तिथनं मात्र… काका, घड्याळात काही नवीन नाही, इकडे बघा.

आणि आमचं घर! मोलाचा सल्ला द्यायला सगळे हजर. आई जेवायला वाढतेय, बाबा म्हणणार, ‘ताठ उभी राहा.’ आई भांडी घासतेय, आत्या म्हणणार, ‘किती वाकतेस गं, म्हातारी दिसतेस, ताठ राहा जरा.’ तेच सगळं आता ताईला. ताई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरते, दिवसभर त्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी. तिथली सुपरवायझर बाई, स्वतः स्टुलावर बसून, ‘ए, वाकून काय उभी राहतेस, ताठ राहा की!’ बरं, राहिली एखादा दिवस ताठ. ताठ चालत घरी आली. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपोरी पोरांनी काय काय आवाज काढले ते मी तुमच्यापुढे काढणार नाही. त्यातल्या एकाचं नाक मी नंतर फोडलं, ते सोडा. दुसऱ्या दिवसापासून ताई छातीशी पिशवी धरून पुन्हा वाकून. म्हणजे ताठ चाललं तर रस्ता बघतो आणि वाकून चाललं तर घर ओरडतं! माणसाने चालायचं तरी कसं, तुम्ही सांगा ना!

आणि आई… दोन महिने नाही झाले हो अजून. जेवणं झाली होती. आई म्हणाली, ‘आज फारच जड वाटतंय गं.’ ती रोज म्हणायची जड वाटतंय. रोज! मग आम्ही पण रोजचंच म्हणालो, बाबा, आत्या, मी, तिघं एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसं, ‘ताठ बस, बरं वाटेल.’ बसली. आमचं ऐकून बसली, भिंतीला पाठ लावून. आणि ते रोजचं नव्हतंच. हृदय होतं ते…

थांबा. पाणी नको. बोलू द्या मला, थांबलो की मग जमत नाही.

तिला खाली निजवलं ना, तेव्हा ताई बघतच राहिली. मला म्हणते, ‘बघ रे, आई सरळ झाली.’ खरंच झाली होती हो. खांदे मागे, मान लांब. आपली आई एवढी उंच होती हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांचं समाधान केलं शेवटी बाईने, झाली एकदाची ताठ! आणि मी हसलो. आईच्या उशाशी बसून मी खो खो हसलो, आत्याने मला तिथनं उठवून बाहेर नेलं.

त्यानंतर मी ठरवलं. ठरवलं कसलं, मी काही ठरवत नाही, माझ्याकडनं होतं. ताईला धरलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आत्या सोबत, पहारा ठेवायला. रांगेत बसून आमचा नंबर आला, आत डॉक्टरबाई, खाली मान घालून लिहितायत. ‘काय त्रास?’ आत्या म्हणाली, ‘पाठ.’ लिहिलं, पाठ. ‘अजून?’ ‘मान.’ लिहिलं, मान. मला दिसायला लागलं, आता पावडर येणार, आता पट्टा येणार… आणि मी ओरडलो, ‘छाती! छाती आहे, डॉक्टर! मोठी आहे, भयंकर मोठी, तिने आमच्या आईची पाठ खाल्ली आणि आता हिची खातेय, तुम्ही कुणी तिकडे बघणार आहात की नाही?’

केवढ्याने? अहो, बाहेरच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायचं थांबलं! आत्याने तोंडावर रुमाल घेतला. ताई स्वतःच्या पायांकडे बघत बसली. म्हणजे पाय तिला दिसत नाहीत, पण त्या दिशेला. आणि डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, आणि काय म्हणाव्यात? ‘बरोबर. होतं ह्याचं ऑपरेशन. कमी करता येतं.’

होतं! इतकं सोपं वाक्य! आमच्या आईचं अख्खं आयुष्य गेलं आणि हे एवढंसं वाक्य त्या खोलीत पडून होतं!

ताई वाटेत आत्याला मधे घालून चालली. मी म्हटलं, संपलं, आता ही जन्मात तोंड बघणार नाही माझं. आणि जिन्यात, आपल्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दम खायला थांबली आणि हळूच म्हणाली, ‘पोटावर झोपता येईल का रे मला?’ काकू, अहो, माणसं काय काय मागतात आयुष्यात! घर मागतात, परदेश मागतात. हिला उशीत तोंड खुपसून पालथं झोपायचंय. बस्स.

घरी आल्यावर सभा भरली. आत्या म्हणे, ‘आधी लग्न होऊ दे.’ मग म्हणे, ‘नाही, मुलं होऊ दे, पाजायचं असतं.’ मी म्हटलं, आणि मग? म्हणे, ‘मग काय, तोवर वय होतंच, त्या वयात कशाला हौस?’ आईला हेच सांगितलं होतं ह्यांनी! अगदी ह्याच क्रमाने! आणि बाबा मला म्हणाले, ‘तू भाऊ आहेस, तू ह्यात बोलू नको.’ मग कोण बोलणार? तुमचा हात तर खिशात! भांडलो. ताट आपटलं. शेवटी ताईच म्हणाली, ‘मी करून घेणार.’ हळू म्हणाली, पण म्हणाली. तारीख मिळाली. आता अडचण एकच. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, नंतर काही आठवडे बादलीसुद्धा उचलायची नाही, हात वर करायचे नाहीत. मग घर कोण बघणार? मी म्हटलं, मी! आणि सगळे हसले. ताईसुद्धा हसली. पण हसून झाल्यावर मला म्हणाली, ‘खरंच करशील?’

आता इथनं पुढे माझी अक्कल ऐका.

ऑपरेशननंतर सपाट झोपायचं नसतं, टेकून, अर्धवट बसतं झोपायचं. आणि मी कामाला कुठे आहे? सोफ्याच्या कारखान्यात! म्हटलं, ताईला अशी खुर्ची बनवतो की राणी झोपेल. ही, हीच, जिच्यात मी पडलोय. हात लावून बघा, काका. खाली सागाची चौकट, मधे स्प्रिंगा, वर दोन थरांचं फोम, खांद्यांपाशी मऊ, कमरेपाशी घट्ट. सुट्टी झाल्यावर मागे थांबून थांबून केली. मिस्त्री म्हणाले, ‘पोरा, झकास झालीय, सोमवारी टेम्पो जाणार आहे तिकडे, दोन माणसं देतो.’ सोमवारी! मला कुठे धीर? रविवारी दुपारी हातगाडीवर टाकून आणली, आणि जिन्याखाली आल्यावर वाटलं, माणसं कशाला, पाठीवर घेतली की झालं! घेतली. पहिला मजला झकास. वर ताई दारात उभी, ती ओरडतेय, ‘अरे ठेव, ठेव खाली, मी येते धरायला!’ ती धरायला येणार म्हटल्यावर मी आणखी जोरात चढलो. आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, ती दम खायला थांबते ना, बरोबर तिथे… कट्! मला वाटलं, खुर्चीची चौकट मोडली. खुर्चीला ओरखडा नाही!

आणि मग काय झालं ऐका. कोपऱ्यावरचा डॉक्टर, जो आईला टेबलापलीकडनं ‘वजन कमी करा’ म्हणायचा, तो घरी आला! स्वतः! जिना चढून! मला नुसता ‘आई गं’ म्हणताना ऐकलं आणि बॅग उघडली. इंजेक्शन. एक्स-रेची चिठ्ठी. कमरेला पट्टा. ‘अजिबात हलायचं नाही.’ बाबांच्या डोळ्यांत पाणी. सुपरवायझर बाईने फोन करून ताईला सुट्टी दिली, भावाची पाठ आहे म्हणून! मला कुणी म्हणालं, ताठ राहा? एकाने तरी? उलट उशा आणतायत! चार दिवसांत ह्या पाठीला जेवढी माणसं भेटायला आली तेवढी… जाऊ दे. काल आत्या ताईला म्हणते, ‘अगं, त्याला आधार देऊन बसव ना, तुझी पाठ धड आहे तर!’ आणि ताईने बसवलं हो. मला काखेत हात घालून उचललं. मी म्हणत होतो नको, नको, आणि मला तिच्या खांद्याचं हाड करकरलेलं ऐकू आलं.

म्हणून हात जोडतो, आता ती येईल ना चहा घेऊन, तेव्हा तुम्ही दोघं मिळून तिला… कुठाय ती? इतका वेळ चहा? बाहेर बोलतेय कुणाशी? फोनवर? ताई! ए ताई! कुणाला फोन केलास? काकू, जरा दार उघडा ना, मला उठता… आई गं! नाही, काही नाही, काही नाही.

आलीस? काय केलंस? हॉस्पिटलात केलास ना? तारीख सोडलीस? अगं, पुढची कधी देणार ते? वर्षाने? बघू म्हणाले? अगं पण का, मी पडलो असतो इथे, बाबांनी केलं असतं काहीतरी, आत्याने… बरं, नाही केलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही का, का येत नाही म्हणून?

विचारलं? मग?

काकू, ऐकलंत? हिने सांगितलं, घरात पाठीचा पेशंट आहे. आणि तिथली बाई, त्या हॉस्पिटलातली, हिचीच तारीख खोडता खोडता हिला म्हणाली, ‘अरेरे! पाठीचं दुखणं फार वाईट हो. जपा त्यांना.’

आणि ही बया काय म्हणाली असेल?

‘थँक्यू’ म्हणाली!

…घ्या. चहा घ्या. ट्रे तिच्या हातातनं घ्या आधी.