उठवायचं नाय

—नाही, पण कुणीतरी केलंच ना हे? आपोआप नाही झालं. लहान मुलांच्या आयुष्यातून एकेक जिवंत प्राणी उचलायचा आणि त्याच्या जागी प्लास्टिकचा ठेवायचा — पोट दाबलं की हंबरणारी गाय, बॅटरीवर भुंकणारा कुत्रा, चित्रातला हत्ती आणि चित्रातलाच उंदीर, दोघंही एकाच मापाचे! — आणि मग गोगलगाय बघून मूल किंचाळलं की म्हणायचं, भित्रं आहे हो आमचं. भित्रं नव्हतं ते, तुम्ही केलंत त्याला तसं! तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, काका. तुम्ही कुत्रा पाळलाय, तुम्ही आमच्या बाजूचे. जरा सरकता का? ही टोपली मांडीवर घेतली की पाय अवघडतात. — नको, नको, त्याला नका उठवू, झोपू दे बाकाखाली, मीच पाय वर घेते. केवढा म्हातारा झालाय. चौदा? बाप रे. म्हणजे माणसात धरलं तर आजोबाच की. — हो, ससा. कालपासून तोंडाला काही लावत नाहीये. गाजर नाही, कोबी नाही, काही नाही. नाव गुपचूप. मघाशी तो कंपाउंडर नाव लिहून घेत होता ना, तो चिडलाच माझ्यावर — ‘पेशंटचं नाव?’ ‘गुपचूप.’ ‘अहो, नाव विचारतोय, मला गप्प काय बसवताय?’ — हसा, हसा. सगळेच हसतात. मुलांनी ठेवलंय नाव. पहिल्या दिवशी सगळी याच्या तोंडाला कान लावून बसली होती, आता बोलेल, मग बोलेल. अर्धा तास. हा काही बोलेना, तेव्हा एकीने जाहीर केलं, हा गुपचूप आहे. झालं, बारसं उरकलं.

मी बालवर्गाला शिकवते. दिसत नाही ना? सगळे म्हणतात, अजून कॉलेजातच वाटता. चोवीस पूर्ण. मुलं बाई म्हणतात, मुलांच्या आज्या पण बाई म्हणतात, आणि आमच्या मोठ्या बाई — शाळा त्यांची आहे — त्या म्हणतात, ‘अगं, तू ना.’ माझी एकच मागणी होती, काका, नोकरी लागली त्याच दिवशी सांगितली. मुलांना वर्षातून एकदा बसमध्ये कोंबून प्राणी बघायला न्यायचं, मला मान्य नाही. ती सहल झाली. प्राणी रोज हवा. दात घासण्यासारखा रोज! आणि त्यासाठी काय वाघ लागत नाही. आमच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती, तिथून सुरुवात केली — रोज सकाळी पोटावर झोपून मुंग्या बघायच्या, कोण काय घेऊन चाललंय ते सांगायचं. मग खिडकीत पाण्याची वाटी, चिमण्यांसाठी. मग बरणीत गोगलगाय, चार दिवस पाहुणी, पाचव्या दिवशी सगळ्यांनी मिळून बागेत सोडायची, रडत. मग हा ससा. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘लेंड्या कोण उचलणार?’ मी म्हटलं, मुलं उचलतील. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. आणि उचलल्या हो मुलांनी! छोटा खराटा, छोटं सूप, भांडणं व्हायची की आज माझी पाळी. मी डॉक्टर मामाकडचा जुना स्टेथोस्कोप आणून याच्या छातीला लावायला द्यायचे. एक पोरगा ऐकून म्हणाला, बाई, याच्या आत कुणीतरी पळतंय. — तुम्हीच सांगा, हे कुठल्या पुस्तकातून शिकवणार?

मग मी ठरवलं, शाळेत तरी का थांबायचं? घरी पण हवं. शुक्रवारी शाळा सुटली की गुपचूप एकेकाच्या घरी जायचा पाळीपाळीने, सोमवारी परत. ही टोपली, एक चाऱ्याची पिशवी आणि एक वही. वहीत घरच्यांनी लिहायचं, ससा काय काय करत होता. बहुतेक आया लिहितात — ‘ससा छान राहिला, धन्यवाद.’ जशी काही मावशीच येऊन गेली. पण एक आजोबा होते — थांबा, वही आहे माझ्याकडे, ती काढतेच. हे बस चालवायचे, पस्तीस वर्षं. पहिल्यांदा टोपली घेऊन गेले तर दारातच म्हणाले, ‘अहो, जन्मभर माणसं जनावरांसारखी भरून नेली, आता खरं जनावर कशाला?’ आणि सोमवारी वहीत हे बघा — ‘सकाळी ८.१० सुटला. ८.२५ कोबी थांबा, दहा मिनिटं. ८.४० पलंगाखाली, वाहतूक खोळंबली. ९.०५ विनाथांबा स्वयंपाकघर.’ मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं, मोठ्या बाई पण हसल्या. दुसऱ्यांदा पाळी आली तेव्हा आजोबा स्वतःच न्यायला आले, हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांची नात आमच्याकडे. चार वर्षांची. तिला सगळे मुंगी म्हणतात — त्या व्हरांड्यातल्या रांगेपाशी सगळ्यांत जास्त वेळ तीच पडून राहायची म्हणून. शहाणी. सांगितलेलं एकदा ऐकलं की दगडावरची रेघ. बाकीच्यांना दहादा ओरडून सांगावं लागतं, हिला नाही. आई चष्म्याच्या दुकानात कामाला, वडील लांब, दोन-तीन महिन्यांनी येतात. दिवसभर आजोबा आणि ही.

— होते म्हणजे, हो. गेले ते. मागच्या शनिवारी. म्हणून याची टोपली मीच जाऊन परत आणली, आणि त्याची जागा बदलली, माणसं बदलली, म्हणून खात नसेल, एवढंच मला डॉक्टरांना विचारायचंय. बाकी काही नाही. — वय? सदुसष्ट. — नाही, आजारी नव्हते. जेवले, आरामखुर्चीत बसले, आणि — झटका. मेंदूचा म्हणाले. आई घरी आली सहाला, तोवर — होती ना. मुंगी होती. घरातच होती.

काका, एक सांगू का? आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वी एका पोराने झोपलेल्या गुपचूपला पाय धरून ओढलं. याने घाबरून नख मारलं. एवढंसं, मांजर मारतं तेवढं पण नाही. पण त्याची आई आली, मोठ्या बाई आल्या, ससा जाणार, मुंग्या जाणार, सगळं जाणार, अशी वेळ आली. मी म्हटलं, ससा नाही जाणार, मी मुलांना नियम शिकवते. आणि चार वर्षांच्या मुलाला नियम नुसता सांगून शिकवता येत नाही, गाणं लागतं. मग केलं मी. ‘हळू हात, हळू पाय, झोपलेल्याला उठवायचं नाय!’ ‘नाही’ बसत नव्हतं यमकात. म्हणून नाय. रोज म्हणायचो, तोंडावर बोट ठेवून, चवड्यांवर चालत. आणि जो नियम पाळेल त्याच्या मनगटावर शिक्का — हा, पर्समध्येच असतो, पंजाचा, रबरी. त्या शिक्क्यासाठी जीव टाकतात मुलं. हात धूत नाहीत घरी. महिन्याभरात अशी झाली होती ना मुलं, की हा झोपला की वर्गात टाचणी पडलेली ऐकू यावी. मला इतका अभिमान वाटायचा! वाटायचं, मोठ्या माणसांना जमत नाही ते मी यांना शिकवलं, दुसऱ्याच्या झोपेचा मान ठेवायला.

तर उठवलं नाही तिने. चार तास. खुर्चीशेजारी खाली बसून होती, याला मांडीवर घेऊन. मधे तीनच्या सुमाराला शेजारच्या मावशींनी बेल वाजवली, त्यांना चाळणी हवी होती — तर हिने दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं, आणि कुजबुजली, आजोबा झोपलेत. आणि त्या मावशी — त्यांना काय माहीत? — त्या पण चवड्यांवर परत गेल्या. हे त्यांनीच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, मी भेटायला गेले तेव्हा, कपाळावर हात मारून घेत. डॉक्टर म्हणे बोलले, तीनला आणलं असतं तर कदाचित. कदाचित म्हणाले! नक्की नाही म्हणाले. पण त्या घरात आता तो एकच शब्द आहे, काका, सगळ्या खोल्यांतून तोच.

आणि मुंगी आली माझ्याजवळ. त्या सगळ्या माणसांतून वाट काढत, माझ्या मांडीवर रेलली, आणि कानात म्हणाली, ‘बाई, मी नाय उठवलं. भूक लागली तरी नाय उठवलं.’ आणि मनगट पुढे केलं.

काय करणार होते मी? तुम्ही काय केलं असतंत? सगळे बघत होते. पोर हात पुढे करून उभी. मी — मी मारला शिक्का. आणि ती हसली. तिच्या आईने बघितलं, तिसऱ्या दिवशी ती हसली ते. आई बघतच राहिली तिच्याकडे. म्हणजे, आपल्या मुलीकडे कुणी असं बघत नाही, काका. एखादं सरपटणारं काहीतरी घरात शिरलं की बघतात, तसं.

— जरा... तुमचा कुत्रा. हात लावून बघता का एकदा? पोट हलतंय ना त्याचं? — हां. हललं शेपूट. बरं. राहू दे आता, झोपू दे.

नाही, तिच्या आईला माहीत नाही. गाणं घरी कुणाला माहीत नाही, आजोबांना असेल कदाचित. मुंगी मोठ्यांशी फार बोलत नाही. आज दुपारी अडीचला फोन होता आईचा. म्हणाली, ‘बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही रोज बघता तिला, खरं सांगा — माझ्या मुलीत काही कमी आहे का?’ म्हणाली, ‘कुठलंही मूल तासाभरात आजोबांना हलवेल, ओरडेल, रडेल, खायला मागेल. ही चार तास बसून राहते? रडली नाही, बाई. अजून रडली नाही. शिक्का पुसू नये म्हणून हात वर धरून आंघोळ करते.’ गुरुवारी तिला मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. आणि मला विचारते, ‘ससा मागतेय ती. देऊ का? त्याच्याशी बोलते. सशावर माया आहे हो तिची. माणसांवर नाही.’

मी काय म्हणाले असेन? मी! जी मुलांशी खोटं बोलू नका म्हणून पालकसभेत अर्धा तास बोलते! मी म्हणाले, वेळ द्या तिला. वेळ द्या! छापील वाक्य. फोन ठेवला आणि याची टोपली उचलून इथे आले. एक वाक्य होतं, काका. ‘मुंगीची चूक नाही, मी शिकवलं होतं तिला.’ तेवढं बोलले असते तर त्या बाईने आत जाऊन पोरीला उराशी धरलं असतं. एवढं सोपं आहे. पण मग तिने मला विचारलं असतं, वडील माझे होते, त्यांचं काय? आणि मोठ्या बाई म्हणाल्या असत्या, बघ. ससा जाईल, चिमण्यांची वाटी जाईल, कपाटातून पुन्हा प्लास्टिकची गाय बाहेर येईल — असं मी मला सांगत होते इथे येईपर्यंत. मुलांसाठी गप्प बसतेय, मुंग्यांसाठी, गोगलगायींसाठी. खोटं आहे. माझ्यासाठी बसलेय. ती चार वर्षांची पोर माझा नियम अंगावर घेऊन फिरतेय आणि मी गुपचूप. सशापेक्षा मलाच शोभतं नाव.

ही वही त्या घरात कुणाच्या लक्षातच आली नाही. टोपलीत चाऱ्याखाली होती. शेवटचं पान वाचा. नको, मी वाचते, अक्षर बारीक आहे. ‘शनिवार. १.१० जेवण थांबा. १.३० सशाने मुंगीची वेणी चघळली, प्रवाशांची तक्रार. १.४० गाडी डेपोत लागली.’ संपलं. आणि खाली बघा, पेन्सिलने. पंजा आहे तो. पाच बोटं काढलीत तिने, शिक्क्यावर असतात तशी चार नाहीत, माणसाला असतात तशी. त्यांना दिलाय शिक्का तिने. छान झोपले म्हणून.

— करणार आहे. फोन करणारच आहे, म्हणजे काय! वही पण नेऊन देणार, आणि तिथेच बसून सांगणार, गाणं म्हणून दाखवणार लागलं तर. तुम्ही मान हलवायची गरज नाही. आत्ता? आत्ता साडेतीन. आत्ता नको. मुंगीच्या आईची रात्रीची झोप गेलीय त्या दिवसापासून, दुपारीच तासभर डोळा लागतो म्हणत होती, एवढाच काय तो. आत्ताच लागला असेल. कशाला उगाच झोपलेल्या माणसाला —

काय? असं काय बघताय माझ्याकडे?

...

‘गुपचूपवाल्या ताई! या, तुमचा नंबर. आणि झोपला असेल तर आधी उठवा त्याला — झोपलेला पेशंट डॉक्टर बघत नाहीत.’